अस्त्र परत घेण्याची विद्या

इंदूरच्या विजय नगरात, स्कीम नंबर ५४ मध्ये, माझी मुलगी राहते. गेल्या पावसाळ्यात महिनाभर तिच्याकडे होतो. आमच्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला इंदूर परके वाटत नाही. राजवाड्याच्या आसपास फिरताना चार पावलांवर मराठी कानावर पडते आणि होळकरांचे नाव कुठे ना कुठे भेटतेच. विजय नगर मात्र नव्या काळातले. रुंद रस्ते, काचेच्या इमारती आणि त्यांच्यावर क्लासेसच्या भल्यामोठ्या पाट्या. पाट्यांवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आलेल्या मुलांचे फोटो. चौथ्याचा फोटो मी कुठे पाहिला नाही.

नातू पाचवीत आहे. त्याची मराठी इंदुरी वळणाची; तो ‘येतो आहे’ न म्हणता ‘येऊन राहिलो आहे’ म्हणतो, आणि मला ते ऐकायला फार आवडते. एका संध्याकाळी तो टीव्हीवर कार्टून पाहत होता. मी चहाचा कप घेऊन शेजारी बसलो. पडद्यावर एक शाळा होती. कुणाच्या हातातून ज्वाळा निघत होत्या, कुणी भिंतीतून आरपार जात होते.

“हे काय रे?” मी विचारले.

“आजोबा, ही शक्ती असलेल्या मुलांची शाळा आहे. हीरो पण इथेच शिकून राहिले आहेत, व्हिलन पण, आणि न्यूट्रल पण.”

“न्यूट्रल म्हणजे?”

“जे कुणाच्याच बाजूला नसतात ते.” मग जरा थांबून तो म्हणाला, “मी न्यूट्रल आहे.”

“ते कसे काय?”

“आमच्या वर्गात एक जण दुसऱ्याचा डबा रोज खाऊन टाकतो. मी त्याला मारत नाही, आणि याला वाचवत पण नाही. मी नुसता बघतो.”

एवढे बोलून तो पुन्हा कार्टून पाहू लागला. माझा चहा निवून गेला. चाळीस वर्षे शाळेत शिकवून मी निवृत्त झालो. पण माझ्या वर्गाची रचना इतक्या थोडक्या शब्दांत मला कुणी समजावून सांगितली नव्हती.

मुलांच्या करमणुकीसाठी कुणी परदेशात रचलेली ही कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. असाधारण शक्तीच्या मुलांची, पुढे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या मुलांची, एकत्र शाळा आपल्या महाभारताच्या आदिपर्वात आहे. द्रोणाचार्यांच्या हाताखाली पांडव शिकले, कौरव शिकले. वृष्णी आणि अंधक कुळांतले तरुण आले, देशोदेशीचे राजपुत्र आले. सूतपुत्र म्हणवला जाणारा कर्णही आला. गुरुपुत्र अश्वत्थामा तर घरचाच. कुरुक्षेत्रावर समोरासमोर उभ्या राहिलेल्या वीरांतले कितीतरी जण एके काळी एकाच गुरूच्या अंगणात बाण घासून धार लावत बसलेले होते. तेव्हा त्यांच्यात नायक कोण आणि खलनायक कोण, हे कुणाला ठाऊक होते?

आपण म्हणू, लक्षणे दिसतच होती. दुर्योधनाने भीमाला विष घालून पाण्यात लोटलेच ना? घातले, आणि त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्याच्या आधीची गोष्ट आपण मुलांना फारशी सांगत नाही. कौरवांची मुले फळे काढायला झाडावर चढली की भीम बुंध्याला लाथ मारून झाड हलवी आणि फळांबरोबर मुलेही खाली पडत. पाण्यात खेळताना दहा-दहा जणांना कवटाळून तो बुडवून धरी आणि ती अर्धमेली झाली की सोडी. व्यासांनी एक खुलासा केला आहे, की भीम हे द्वेषाने करत नव्हता, पोरपणाने करत होता. खुलासा खरा असेल. परंतु बुडणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारे पाणी द्वेषाचे आहे की पोरपणाचे, हे त्याला कसे कळावे? शक्ती ज्याच्यापाशी असते त्याला आपला खेळ खेळच वाटतो. हे त्याला सांगायचे कुणी? अर्थात शिक्षकाने.

आणि शिक्षक काय करत होते? द्रोणांनी सर्व शिष्यांना पाणी आणण्यासाठी अरुंद तोंडाचे कमंडलू दिले आणि आपल्या मुलाला रुंद तोंडाचा घडा दिला. तो लवकर भरे, मुलगा लवकर परत येई, आणि बाकीचे येईपर्यंत बाप त्याला काही खास विद्या शिकवी. अर्जुनाच्या ध्यानात हे आले. तो वारुणास्त्राने कमंडलू झटकन भरून अश्वत्थाम्याबरोबरच परतू लागला. आपण या कथेत अर्जुनाच्या हुशारीचे कौतुक करतो. मी शिक्षक असल्यामुळे माझे लक्ष त्या भांड्यांकडे जाते. वर्गात प्रत्येकाच्या हाती कोणत्या तोंडाचे भांडे द्यायचे, हे अगोदर ठरून गेलेले असते. मग कोण किती लवकर परतला यावरून आपण गुणवत्ता मोजतो.

त्या भांड्यांच्या मागेही एक जखम होती. द्रोण आणि द्रुपद लहानपणी एकत्र वाढले, एकत्र शिकले. पुढे द्रुपद राजा झाला आणि दारी आलेल्या गरीब मित्राला त्याने ओळख दिली नाही. घरी लहानग्या अश्वत्थाम्याला दूध म्हणून पिठाचे पाणी पाजले गेले होते आणि तो ते दूध समजून आनंदाने नाचला होता. हे दुःख पोटात घेऊन द्रोण हस्तिनापुरात आले, आणि शिष्य तयार होताच त्यांनी गुरुदक्षिणा मागितली ती द्रुपदाला बांधून आणण्याची. वर्गमित्रावरचा सूड पुढच्या पिढीच्या शाळेने उगवला. एका वर्गात झालेला अपमान दुसऱ्या वर्गाचा अभ्यासक्रम कसा बनतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

एकलव्य तर या शाळेच्या कुंपणाबाहेरच राहिला. कुंपणाच्या आत घेऊनही बाहेर ठेवता येते, हे आपल्याला अलीकडच्या इतिहासाने दाखवले. विजय नगरातून तास-दीड तासात महूला पोहोचता येते. तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत ते वर्गातच असत, परंतु बसत ते घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, इतरांपासून वेगळे. आणि तहान लागली तरी शाळेच्या पाण्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. तेव्हा एका छपराखाली बसणे म्हणजे एकत्र शिकणे नव्हे. एकत्र शिकण्याचा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो.

आता माझ्या स्वतःच्या वर्गाकडे येतो. हे लिहिणे सोपे नाही, पण टाळले तर या लेखाला अर्थ उरणार नाही.

आमच्या भागातल्या एका हायस्कुलात मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. वर्ग पन्नासच्या वर. तास बदलताना गोंधळ होई. सगळे शिक्षक करतात तेच मी केले. एक हुशार, नीटनेटका, सुवाच्य अक्षराचा मुलगा मॉनिटर नेमला आणि त्याच्या हाती खडू दिला: ‘गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही.’ मी वर्गात आलो की फळ्यावरची नावे वाचून प्रत्येकाच्या हातावर दोन छड्या देत असे. एक नाव बहुधा रोज असे. मुलगा अंगाने थोराड, गुऱ्हाळावर काम करून शाळेला येणारा, बोलायला आडमुठा. त्याचे नाव फळ्यावर पाहून मला कधी आश्चर्य वाटले नाही. तो छड्या खाताना हात मागे घेत नसे. मला तो उर्मटपणा वाटे, आणि तिसरी छडी बसे.

तीस वर्षांनी त्या बॅचच्या मुलांनी मेळावा भरवला. मला शाल-श्रीफळ दिले. जेवणानंतर गप्पा रंगल्या तेव्हा एकाने हसत हसत सांगितले, “सर, तुम्हाला माहीत नसेल, पण फळ्यावरचं नाव पुसायला चार आणे पडायचे. नसतील तर पेरू, चिंचा, काहीतरी द्यायचं. आम्ही सगळे द्यायचो.” सगळे हसले. खुद्द मॉनिटरही हसला. आज तो चांगल्या हुद्द्यावर आहे, मनाने वाईटही नाही. मी विचारले, “आणि तो?” क्षणभर कुणाला आठवेना. मग एक जण म्हणाला, “तो कुठला द्यायला, सर. त्याच्याकडे नसायचेच.”

तो मेळाव्याला आला नव्हता. त्याने नववीतच शाळा सोडली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नातवाने सांगितलेली शाळा मीच चालवली होती. एकाच्या हाती खडू देऊन मी नायक केला, एकाचे नाव रोज वाचून खलनायक केला, आणि उरलेले पन्नास जण चार आणे देऊन तटस्थ राहिले. तिघेही माझेच विद्यार्थी. तिघांनाही मी एकच पाठ शिकवला, की ज्याच्या हाती खडू तो खरा. मराठीचे व्याकरण त्यांच्या किती लक्षात राहिले देव जाणे. हा पाठ मात्र त्यांना तीस वर्षांनीही तोंडपाठ होता.

मग प्रश्न असा, की असे तिघे एका वर्गात बसवावेतच का? चांगल्यांची तुकडी वेगळी, वांडांची वेगळी, मधल्यांची वेगळी, अशी सोय केली तर? आज गुणांनुसार ‘बॅच’ पाडल्या जातात त्या याच विचाराने. या प्रश्नाला बृहदारण्यक उपनिषदात एक जुने उत्तर आहे. देव, मनुष्य आणि असुर हे तिघे प्रजापतीचे पुत्र. तिघेही त्याच्यापाशी ब्रह्मचर्याने राहून शिकले. अध्ययन संपल्यावर प्रत्येकाने शेवटचा उपदेश मागितला. प्रजापतीने प्रत्येकाला एकच अक्षर दिले: ‘द’. देवांना त्यात ‘दम’ ऐकू आला, म्हणजे स्वतःला आवर घालणे. माणसांना ‘दान’ ऐकू आले. असुरांना ‘दया’ ऐकू आली. आणि तिघांनाही प्रजापती म्हणाला, बरोबर समजलात.

या गोष्टीत मला गुरूच्या चार कृती दिसतात. त्याने तिघांना एकत्र ठेवले. तिघांना वेगवेगळ्या तोंडाची भांडी दिली नाहीत, अक्षर एकच दिले. आपली उणीव कोणती हे त्याने सांगितले नाही, ज्याचे त्याला ओळखू दिले. आणि असुरांना जे सुचले तेही त्याने बरोबर ठरवले. ‘तुम्हाला दया कसली कळणार’ असे तो म्हणाला नाही. देवांनाही उणीव असते, हेही इथेच कळते. शंकराचार्यांनी या स्थळी भाष्यात सुचवले आहे, की देव आणि असुर बाहेर शोधायला नकोत. माणसांतच ज्यांना आवर नाही ते देव, जे लोभी ते मनुष्य, जे क्रूर ते असुर. एवढे मान्य केले की तुकड्या पाडणे अवघड होते, कारण मग एकाच मुलाला सकाळी एका तुकडीत आणि दुपारी दुसऱ्या तुकडीत बसवावे लागेल.

सीमाभागात राहणाऱ्याला तर हे पटायला ग्रंथ उघडावा लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. त्या तारखेला आमच्याकडे एका घरात काळा दिवस असतो आणि पलीकडच्या घरात राज्योत्सव. एका घरात ज्याची तसबीर, दुसऱ्या घरात त्याच्या नावाने बोटे मोडली जातात. माझ्या वर्गात अशा दोन्ही घरांतली मुले होती. आपली बाजू न्याय्य आहे असे मला वाटते आणि ते मी कधी लपवले नाही. पण मधल्या सुटीत ती मुले एकाच नळाला तोंड लावून पाणी पीत, आणि एकाचा चेंडू हरवला तर दुसरा काट्यांत शिरून शोधून देई. ती जर वेगवेगळ्या शाळांत गेली असती, तर त्यांना एकमेकांविषयी फक्त तारीख माहीत असती.

राहिले तटस्थ. एका रविवारी नातवाला घेऊन उज्जैनला गेलो. इंदूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. महाकालाचे दर्शन झाल्यावर अंकपात भागातल्या सांदीपनींच्या आश्रमात गेलो. इथे कृष्ण आणि बलराम शिकले, अशी परंपरा सांगते. गोमती कुंडाच्या काठावर बसून मी नातवाला म्हटले, “तुझा न्यूट्रल इथलाच विद्यार्थी बरं का. बलराम.” गदायुद्ध त्याने भीमालाही शिकवले आणि दुर्योधनालाही. युद्धाची वेळ आली तेव्हा कोणत्याच शिष्यावर शस्त्र उचलणे त्याच्या जिवावर आले आणि तो सरस्वतीच्या काठाने तीर्थयात्रेला निघून गेला. परतला तो नेमका शेवटच्या गदायुद्धाला. भीमाने नियम मोडून मांडीवर घाव घातला तेव्हा हाच तटस्थ नांगर उगारून धावला आणि कृष्णाला त्याला कवटाळून धरावे लागले. त्याचा संताप खोटा नव्हता. पण तेव्हा अठरा अक्षौहिणी सैन्य संपले होते. सगळे होऊन गेल्यावर नियमाची आठवण करून देणारी तटस्थता कुणाच्या उपयोगी पडते?

याउलट द्यूतसभा आठवावी. द्रौपदीला ओढून आणले तेव्हा शाळेतले शिक्षक, द्रोण आणि कृप, दोघेही तिथे होते. ते गप्प बसले. विदुराने विरोध केला. आणि भर सभेत उठून हा अन्याय आहे असे म्हणाला तो विकर्ण, धृतराष्ट्राचाच मुलगा, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. आपण ज्याला खलनायकांचे बाक म्हणतो त्या बाकावरून एक हात वर झाला होता. तोही द्रोणांच्याच शाळेत शिकला होता. म्हणजे शाळा अगदीच वाया गेली नव्हती.

शेवटी अश्वत्थाम्याकडे यावे लागते. अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र मिळाले हे त्याला सहन झाले नाही. त्याने बापाकडे तेच मागितले. द्रोणांनी नाखुशीने दिले, आणि दिल्यावर बजावले, की कितीही संकट आले तरी हे माणसांवर टाकू नकोस. तू सन्मार्गावर टिकशील असे मला वाटत नाही. ठाऊक असूनही त्यांनी ते दिले. युद्धाच्या अखेरीस झोपलेल्यांची कत्तल करून पळालेल्या अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर ते अस्त्र सोडले. अर्जुनानेही सोडले. दोन्हींच्या मध्ये नारद आणि व्यास उभे राहिले आणि म्हणाले, परत घ्या. अर्जुनाने परत घेतले. अश्वत्थाम्याला ते परत घेता येईना. त्याने ते उत्तरेच्या गर्भाकडे वळवले.

एकच शाळा, एकच गुरू, एकच अस्त्र. दोघांमधला फरक शक्तीचा नव्हता. सोडणे दोघांनाही येत होते, परत घेणे एकालाच येत होते. व्रताने राहिलेल्यालाच ते साधते असे महाभारत सांगते. साध्या भाषेत मी असे म्हणेन, की ज्याने आयुष्यात कधी आपला उगारलेला हात खाली घेतला आहे, त्यालाच ते जमते. आणि ही सवय लागते कुठे? जिथे आपल्याहून दुबळा, आपल्याहून वेगळा, आपल्याला न आवडणारा मुलगा शेजारच्या बाकावर बसलेला असतो तिथेच. सज्जनांच्या वेगळ्या तुकडीत हात उगारण्याचा प्रसंगच येत नाही, मग तो खाली घेण्याचा सराव कसा व्हावा? तिघांनी एकत्र शिकावे, याला माझ्यापाशी हे एकच कारण आहे. पण मला ते पुरेसे वाटते. अट इतकीच, की शिक्षकाने स्वतः आधी ते शिकलेले असावे. मी शिकलो नव्हतो. त्या मुलाच्या हातावर दिलेली तिसरी छडी मला आता परत घेता येत नाही. मी त्याचा शोध घेतला. गाव सोडून गेल्याचे कळले, पुढे माग लागला नाही.

इंदूरहून खांडव्यावरून बुऱ्हाणपूरकडे जाताना असीरगडचा किल्ला लागतो. अश्वत्थामा अजून तिथल्या महादेवाला पहाटे फूल वाहायला येतो, अशी त्या भागात समजूत आहे. नर्मदेच्या काठी तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, असेही सांगतात. समजूतच ती. पण जे परत घेता आले नाही ते माणसाला घेऊन फिरावे लागते, एवढे तिच्यात खरे आहे.

निघायच्या आदल्या दिवशी नातवाने विचारले, “आजोबा, मग मी काय करू? मी मारामारी नाही करू शकत.” मी म्हणालो, “मारामारी कुणी सांगितली? ज्याचा डबा जातो त्याच्या शेजारी बस.”

पंधरा दिवसांनी फोन आला. “आजोबा, मी त्याच्या बाकावर बसून राहिलो आहे. पण आता माझा पण डबा जाऊन राहिला आहे.”

मला आधी हसू आले, मग ते ओसरले. मुलीला फोनवर घेऊन सांगितले, उद्याच्या उद्या वर्गशिक्षकांना जाऊन भेट. आणि डबा खाणाऱ्या मुलाला घरून डबा मिळतो का, तेही आठवणीने विचार.